चुकलेली ओळ

पॅरिसमधल्या गास्पार मास्तरांच्या दारावर शिपायांच्या थापा पडल्या, तशी त्यांच्या बायकोने राजाची टवाळी करणारी कविता चुलीत टाकली. हाताने उतरवलेल्या त्या कागदापायी आठवड्यात तिघांना अटक झाली होती.

शिपायांनी गाद्या फाडल्या, पुस्तकं झटकली. काहीच सापडलं नाही.

"त्रास दिला, माफ करा," अधिकारी म्हणाला आणि दाराशी थबकून सहज गुणगुणला, "राजा झोपे पोट भरुनी, प्रजा झोपे दमुनी..."

"दमुनी नव्हे, पोट धरुनी," मास्तर बोलून गेले. वीस वर्षं मुलांच्या चुका सुधारणारी जीभ आवरलीच नाही.

बायकोने तोंडावर हात दाबला.

"कोट घ्या, मास्तर," अधिकारी हळूच म्हणाला. "बॅस्टिलच्या तुरुंगात गारठा फार."