गुंड्याचा सोमवार

“काका, व्हिडिओत वार दिसतो का?” तनुजानं हसत विचारलं.

चन्नबसप्पा हसले नाहीत. ते फडक्यानं गुंड्याची पाठ पुसत होते. नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बैलाच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे अजून ओलसर होते. “दिसत न्हाई,” ते म्हणाले, “पर सोमवार हाय.”

अंजू दोघांच्या मधे उभी होती. औशाच्या रस्त्याला लागून असलेल्या या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या वडिलांचा, चन्नबसप्पांचा, बैलघाणा होता, करडईच्या तेलाचा, आणि त्या घाण्यावर ती गेल्या वर्षापासून ब्लॉग लिहीत होती. रसायनशास्त्राची पदवीधर, घाण्यातून उतरणारं तेल किती गरम असतं ते थर्मामीटर लावून लिहायची, पहिल्या दिवशी ते गढूळ का दिसतं ते लिहायची, आणि त्यावर अप्पा काय बोलले तेही लिहायची. लोकांना थर्मामीटरपेक्षा अप्पा आवडायचे. फोटोखाली विचारायचे, गुंड्या जेवला का? त्यातले काहीजण तेल मागवायचे. तेवढ्यानं भागत नव्हतं. नांदेडला नोकरी करणाऱ्या तिच्या भावानं, उमाशंकरनं, साफ सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत घाणा स्वतःचा खर्च काढत नसेल तर विजेची मोटर बसवायची आणि बैल बाजारात न्यायचा.

तनुजाचं खाण्यापिण्याचं पेज लातूरहून चालायचं आणि लाखो लोक बघायचे. तिनं एखाद्या गोष्टीचा व्हिडिओ टाकला की ती गोष्ट विकली जायची. अंजूनं तिला मेसेज करून करून बोलावलं होतं. ती कालच यायची होती, पण भोकरचं शूटिंग लांबलं. आज सोलापूरला जाता जाता वाटेत थांबली होती. पुन्हा वेळ कधी मिळेल, तिलाही माहीत नव्हतं.

“अप्पा, एकच चक्कर,” अंजू म्हणाली. “करडई बी टाकू नका. रिकामा घाणा.”

“रिकामा असला तरी वढायचा कुणी? त्यानंच ना?”

“रोज वढतोय की. आज सोमवार हाय हे त्याला काय कळतंय?”

चन्नबसप्पांनी फडकं पिळलं. “त्याला न्हाई कळत. म्हणून तर आपण ध्यानात ठिवायचं.”

सोमवारी, महादेवाच्या वारी, बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे त्यांच्या घरात कुणी कुणाला समजावून सांगितलेलं नव्हतं. ते तसंच होतं. ब्लॉगवर तिनं याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. मोजून दाखवावं असं त्यात काही नव्हतं.

तनुजानं घड्याळाकडं पाहिलं. “मी निघू का मग?”

“थांबा,” अंजू म्हणाली. मग वडिलांजवळ जाऊन हळू आवाजात, “अप्पा, दिवाळीनंतर ह्यो कुठं असंल, ठाव हाय ना?”

गुंड्याच्या पाठीवरचा त्यांचा हात थांबला.

“ठाव हाय.” त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. “घाण्यापशी हुबा करतो. फोटू काढा. जू न्हाई.”

त्यांनी गुंड्याला घाण्याजवळ आणलं आणि कासरा त्याच्या पाठीवर टाकून बाजूला झाले. तनुजानं दोन पावलं मागं जाऊन मोबाइल धरला. बैल क्षणभर उभा राहिला. मग चालू लागला.

कुणी हाकललं नव्हतं. मानेवर जू नव्हतं, डोळ्यांवर रोजची झापडंही नव्हती. तरी तो त्याच गोलातून, त्याच चालीनं निघाला. घाणा जागच्या जागी स्तब्ध होता आणि बैल त्याच्याभोवती फिरत होता.

“एक नंबर!” तनुजा कुजबुजली. “असंच चालू द्या. काका, आता तर तुमची पण हरकत नाही ना? कुणी जुंपलेलंच नाही!”

चन्नबसप्पा पेंडीच्या पोत्यावर बसले. त्यांनी बैलाकडं पाहिलंच नाही. “हिला इचारा,” ते म्हणाले. “हिचा कारभार हाय.”

अंजूनं हिशेब मांडून पाहिला. जू नाही, म्हणजे जुंपलेला नाही. वजन नाही, म्हणजे काम नाही. नियम कुठं मोडला नव्हता. हवं होतं ते सगळं तनुजाच्या मोबाइलमध्ये उतरत होतं: सकाळचं ऊन, विभूती, चकचकीत पाठ. असा व्हिडिओ गेला की तेल पुरवता पुरवता नाकी नऊ येणार, आणि उमाशंकरला बोलायला तोंड उरणार नाही.

गुंड्या दुसऱ्या फेरीला समोरून गेला. त्याची मान खाली होती. नुसती खाली नाही. जू असताना असते तेवढी, तशीच पुढं रेटलेली. घाणा जिथं रोज जड लागतो, त्या ठिकाणी येताच त्यानं खांदे ताणले, पाय रोवले, आणि काहीच नसलेलं ओझं जोर लावून ओढून पुढं नेलं.

तिसऱ्या फेरीला अंजू गोलात उतरली. त्याच्या वाटेत उभी राहिली आणि त्याच्या कपाळावर तळहात टेकवला. त्यानं एकदा तिला रेटलं, मग थांबला. त्याचा ऊन श्वास तिच्या मनगटावर येत राहिला.

“अंजू, अगं तू फ्रेममध्ये येतेयस,” तनुजा म्हणाली.

“व्हय,” अंजू म्हणाली, आणि तिथंच उभी राहिली.