फळा मागच्या भिंतीवर

"फळा कुठं गेला?" प्राचार्य वर्गाच्या दारातच ओरडले. कॉलेजला दर्जा द्यायला आलेली तपासणी समिती फाटकातून आत शिरत होती.

"मागं लावलाय सर," नवीन कारकून बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात अजून पाना होता.

फळा खरंच मागच्या भिंतीवर होता. बाकंही तिकडं वळवलेली. शाळेपासून मागं बसून झोपा काढणारी मंडळी गणिताच्या सरांच्या नाकासमोर आली होती आणि झोपायला जागाच उरली नव्हती.

बाईंना नोकरीला लागून महिना झाला होता. प्राचार्यांनी त्यांना एकच काम दिलं होतं. विद्यार्थ्यांनी भरलेले तीस वर्षांचे अभिप्राय फॉर्म काढायचे आणि प्रत्येकावर 'कार्यवाही केली' असा शिक्का मारायचा. ढीग एवढा उंच, की वरचे फॉर्म पंख्याला लागून फडफडायचे. बाईंनी तो सगळ्यात खालून उपसायला घेतला. आणि शिक्क्याआधी कार्यवाही केली!

कुणी लिहिलं होतं, पुस्तकं कपाटात आणि किल्ली ग्रंथपालांच्या घरी. बाईंनी कपाटांची दारंच काढली. कुणी लिहिलं होतं, सूक्ष्मदर्शक फक्त चित्रात बघितलाय. आता तो व्हरांड्यात मांडलेला, आणि पुढं जिन्यापर्यंत रांग. एका पोरीनं डासाचा पाय बघून अशी किंकाळी फोडली, की खालच्या मजल्यावरचे डास उडून गेले म्हणतात.

"अहो, नुसता शिक्का मारायचा होता!"

"काम न करता शिक्का? खोटं नाही का होणार सर?"

"समिती गेली की तुम्हीही जा. उद्यापासून येऊ नका."

बाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात समितीच्या अध्यक्षबाई आत आल्या. चाळीस कॉलेजं बघून कंटाळलेल्या. जांभई द्यायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. मागच्या, म्हणजे आता पुढच्या, बाकावरचा एक दांडगट हात वर करून म्हणत होता, "सर, हे पुन्हा सांगा ना. नववीपासून कळलेलं नाही." सर खडू मोडेपर्यंत सांगत होते. घंटा झाली, तरी कुणी उठेना.

"ही कल्पना कुणाची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"या बाईंची!" प्राचार्यांनी झटकन बोट दाखवलं. "आमचा काही संबंध नाही."

"माझी नाही हो मॅडम," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून एक पिवळा पडलेला फॉर्म काढला. "सगळ्यात तळाला हा होता. नाव नाही लिहिलेलं."

अध्यक्षबाईंनी मोठ्यानं वाचला. "आम्ही मागच्या बाकावरचे. पुढं यायला लाज वाटते. सर, तुम्हीच फळा घेऊन मागं या ना."

अख्खा वर्ग हसला. प्राचार्य हसले नाहीत. त्यांनी फॉर्म हातात घेतला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. कान लालबुंद झाले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "उद्या जरा लवकर या. त्या ढिगात माझे अजून दोन फॉर्म असतील."