कूलरची घरघर

"सूनबाई, या घरात गाण्याचा आवाज मले नाई पाहिजे."

सासूचं हे बोलणं बायजाच्या कानात अजून तसंच होतं. सासू कधीच देवाघरी गेली, पण बायजा गायची ती लोखंडी कूलर सुरू झाल्यावरच. त्याच्या घरघरीआड माहेरच्या ओव्या खुशाल सुटायच्या. नवऱ्याच्या, कैलासच्या, मिशीवर तिनं स्वतः रचलेलं एक खट्याळ गाणंही त्यात असायचं. साऱ्या देवळी गावात कोणाला पत्ता नव्हता.

यंदा कूलरच्या गवताच्या ताट्या बदलताना कैलासला त्याचा तळ गंजलेला दिसला.

"नवा आणू, प्लास्टिकचा. आवाजच नाई त्याले."

बायजाच्या मनात आलं, आता गायचं कुठं?

"काऊन? पत्रा ठोकून घ्या, मोटर दुरुस्त करा. चांगला चालून राह्यला."

"अवं, ट्रॅक्टरवाणी वाजते तो."

"वाजू द्या. मले त्याच्याबिगर झोप नाई येत."

कैलास जुन्या ताटीतलं वाळकं गवत चुरत बसला. मग मिशीवरून हात फिरवत हळूच म्हणाला,

 

"मह्या मिशीचं गाणं इतके वर्षं अर्धंच आयकू आलं, बायजे. यंदा पुरं आयकाचं आहे मले."