विबेचा हात

बिनतारी यंत्रावर ठोके मारायची प्रत्येकाची लकब हस्ताक्षरासारखी वेगळी असते. महायुद्धात इंग्लंडच्या एका गुप्त केंद्रात मी हेरांना ठोके शिकवत असे, त्यामुळे साऱ्यांचे हात मला ओळखू येत. शिवाय प्रत्येकाने संदेशात एक ठरलेली चूक करायची असे. शत्रूने पकडून जबरदस्तीने संदेश पाठवायला लावला, तर ती चूक गाळायची.

विबे त्या संध्याकाळी जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये विमानातून उडी घेणार होता. चहाचा कप दोन्ही हातांत धरून तो माझ्यासमोर बसला होता.

“बाई, तिकडून माझा हात ओळखाल ना?”

“शेवटचा ठोका असा लांबवणारा आळशी दुसरा कोण आहे?”

तेवढ्यात हेडफोनमध्ये हॉलंडहून ठोके आले. प्रत्येक शब्दाचा शेवटचा ठोका लांबवलेला. ‘सुखरूप उतरलो. पुढचा माणूस पाठवा. विबे.’

ठरलेली चूक त्यात नव्हती.

समोर विबे चहावर फुंकर मारत होता.

मी संदेश उतरवलेला कागद केंद्राचे प्रमुख कॅप्टन गारलँड यांना दिला. “साहेब, हात याचाच आहे आणि चूक नाहीये. याला पाठवू नका.”

वाचून ते हसले. “याचाच ना? मग पोचला म्हणायचा! चूक घाईत विसरला असेल. ऊठ रे, विमान तयार आहे.”

“बघा बाई, सुखरूप!” म्हणत विबेने निरोपाला हात पुढे केला. मी तो घट्ट धरून ठेवला. पाची बोटं उबदार होती.

कानात तोच संदेश पुन्हा सुरू झाला. लकब तीच होती, पण ठोके आता अडखळत होते, मोडलेल्या बोटांनी मारावेत तसे.