बदामाची सत्ती-अठ्ठी

सुयोगने दोन महिने मोबाईलवर पोकरचे धडे गिरवले होते. सार एवढंच, की हातात बदामाची सत्ती-अठ्ठी असली, तरी मधली पानं उघडण्याआधीच बोली अशी वाढवायची की समोरच्याला एक्क्यांचा भास व्हावा. रविवारी बोरीवलीला सासरवाडीत जेवणं उरकल्यावर त्यानेच डाव मांडला. पैशांऐवजी खारे शेंगदाणे. डाव एकच; ज्याच्याकडे सगळ्यात कमी उरतील, त्याने मटणाची भांडी घासायची.

नेमकी सत्ती-अठ्ठीच आली. त्याने दहा शेंगदाणे लावले. मेहुणा मिथुन आणि बायको रुचिराने पानं टाकून माघार घेतली. सासूबाईंनी मात्र तोंड घट्ट मिटून, पानांकडे ढुंकूनही न बघता दहा शेंगदाणे पुढे सरकवले. त्याने आणखी वीस लावले, त्यांनी उरलेले सगळेच सरकवले.

"यांच्याकडे एक्के आहेत यार," म्हणत सुयोगने पानं टाकली आणि बाह्या सरसावल्या.

तो पातेलं घासत असताना सासूबाई कवळी बसवून बाहेर आल्या. "रुचिरा, जावई सारखे शेंगदाणे पुढे करत होते गं. दातांशिवाय खाऊ कशी? म्हणून माझेही त्यांनाच दिले."