घरच्या कॉम्प्युटरला कुलूप

"पासवर्ड काय ठेवलायस?" तिने विचारलं.

"काही नाही," नवरा म्हणाला आणि चपला पायात सरकवू लागला.

"काही नाही काय? समोर चौकोन दिसतोय, पासवर्ड टाका म्हणतोय."

"तेच तर सांगतोय." त्याने तपासलेल्या कागदांची पिशवी उचलली. "छापखान्यात जाऊन येतो. दोनपर्यंत येईन."

दार लागलं. ओलं फडकं हातात धरून ती तशीच उभी राहिली.

सतरा वर्षांत या घरात कॉम्प्युटरला पासवर्ड म्हणून कधी नव्हता. जेवणाच्या टेबलाशेजारी तो धर्मशाळेसारखा उघडा असायचा. कोणीही यावं, बसावं. सासूबाई त्यावर विणकामाचे टाके बघायच्या, लेक शाळेचे प्रकल्प करायची आणि उरलेला सगळा दिवस नवरा लोकांच्या चुका काढत बसायचा. तो मुद्रितशोधक होता. पुस्तक छापायच्या आधी वाचून त्यातलं शुद्धलेखन सुधारायचं, हा त्याचा धंदा. सवय इतकी हाडीमाशी भिनलेली, की वाण्याची चिठ्ठीसुद्धा लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवायचा. वाणी बिचारा हसून घ्यायचा.

"घरात कसला पासवर्ड? घरात काय चोर आहेत?" असं तोच म्हणायचा. आणि काल संध्याकाळी, न बोलता न सांगता, कुलूप.

तिने फडकं टाकलं आणि चष्म्याच्या दुकानात फोन करून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मालक कुरकुरला. कुरकुरू दे. तसंही काल तिने एका म्हाताऱ्याला दुसऱ्याचाच चष्मा दिला होता, आणि तो बिचारा खांबाला नमस्कार करून निघून गेला होता.

"काय झालं गं?" खिडकीपाशी विणत बसलेल्या सासूबाईंनी विचारलं. "सकाळपासून आत-बाहेर चाललंय तुझं. आठवडा झाला, कपाटही आवरतेयस. आवरतेयस की रिकामं करतेयस?"

"जुने कपडे काढतेय." ती पटकन म्हणाली. "तुमच्या लेकाने कॉम्प्युटरला कुलूप घातलंय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!"

बोलली आणि स्वतःच ओठ चावला.

"नात मोठी झाली आता. नको ते बघत असेल, म्हणून घातलं असेल," सासूबाई म्हणाल्या. "आणि मी आहेच, दिसेल तिथे बोट लावायला. परवा टाके शोधता शोधता काय दाबलं कोण जाणे, भलतीच फाइल उघडली. मशीनचं कसलंसं नाव होतं. सून चष्म्याच्या दुकानात, आणि मला माझा चष्मा सापडेना! मग त्याला हाक मारली."

"मग?"

"मग काय? त्याने वाचलं आणि बंद केलं. म्हटलं, काय रे होतं? तर म्हणाला, काही नाही."

ती कॉम्प्युटरकडे वळली. ती खुर्चीत बसली.

लग्नाची तारीख टाकली. चूक. लेकीचा वाढदिवस. चूक. सासूबाईंचं माहेरचं नाव, ते दोघं पहिल्यांदा राहिले त्या खोलीचा नंबर, छापखान्याचा फोन. सगळं चूक. तिला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता. इतकी वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाच्या मनातलं एक अक्षर ओळखता येऊ नये? दीड वाजत आला होता. आत काय आहे ते आत्ता कळलं नाही, तर दोन वाजता त्याच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा, हे तिला समजत नव्हतं.

"त्याला सरळ विचार की," सासूबाई म्हणाल्या.

"विचारलं. सांगत नाही."

"तो? तो आणि न सांगणार? लहानपणापासून विचाराल ते खरंखरं सांगतो गं. ऐकणाऱ्यालाच कळत नाही, त्याला तो काय करणार?" त्यांनी सुई बदलली.

तिची बोटं थांबली.

पासवर्ड काय? काही नाही. तेच तर सांगतोय.

इंग्रजी अक्षरांत तिने 'काही नाही' हे दोन शब्द जोडून टाकले. चूक. ती पुन्हा पडद्याकडे बघत राहिली. मग तिला एकदम कळलं आणि हसूही आलं, रडूही. 'ही' ऱ्हस्व लिहील तर तो हा माणूस कसला! तिने दोन्ही शब्दांच्या शेवटी एका 'आय'च्या जागी दोन 'ई' टाकले.

कॉम्प्युटर उघडला.

म्हणजे कुलूप आईसाठी होतं, मुलीसाठी होतं. किल्ली तर त्याने तिला दारातच दिली होती.

पडद्याच्या मधोमध एकच फाइल काढून ठेवलेली होती. ती त्याची नव्हती. आठ दिवसांपूर्वी तिनेच लिहिलेलं आणि वॉशिंग मशीनच्या माहितीपत्रकांत दडवलेलं पत्र होतं ते, त्याच्या नावाने, ती घर सोडून गेल्यावर त्याला मिळावं म्हणून. त्यात आता जागोजागी लाल खुणा होत्या. 'सोमवार पासून मी या घरात नसेन' यातलं 'सोमवारपासून' त्याने जोडून घेतलं होतं. 'स्वास कोंडतो' इथे 'श्वास' केलं होतं. ती खाली खाली सरकत गेली. शेवटची ओळ होती, 'मला शोधु नकोस.'

त्यातला 'धु' त्याने दीर्घ केला होता. बाकी वाक्य तसंच राहू दिलं होतं.