पिच्चरचा परिणाम

"लग्न करीन तर अजिंक्यशीच," वैष्णवीनं जेवता जेवता सांगून टाकलं. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात अजिंक्य तिच्या वडिलांच्याच शेजारच्या मागावर कामाला होता.

जोतिरामआप्पांच्या हातातला घास ताटात पडला.

"ह्या पिच्चरवाल्यांनी पोरं बिघडवली! समाज पार बुडवला!"

आप्पा ताडकन उठले, उंबऱ्यापाशी गेले आणि लेकीकडं पाठ करून उभे राहिले. खांद्यावरचा टॉवेल झटकला. "हा उंबरा वलांडलास, तर तुझा बाप मेला म्हणून समज!" एवढं बोलून त्यांनी छातीवर हात दाबला आणि भिंतीला टेकत टेकत, सावकाश, खाली बसले.

"आवं, काळीज डाव्या अंगाला असतंय की," भाकरी थापता थापता विजयमाला नवऱ्याला म्हणाली.

आप्पांनी हात डावीकडं नेला.

वैष्णवी जवळ जाऊन बसली. "आप्पा, पिच्चरमधला बापबी शेवटी तयार होतोय की."

आप्पांनी एक डोळा उघडला.

"व्हय, पण शेवटी. आत्ता कुटं मध्यंतर झालंय. जा, गरम भाकरी आण."